दोन मिनिटांचं गाऱ्हाणं

नळाने श्वास घेतला.

पाणी यायच्या आधी आमचा नळ नेहमी असंच करतो. लांब हवा ओढतो, थांबतो, खोकतो, मग कुठे बादलीत पहिली धार पडते. साडेचारचं पाणी, रोजचंच. पण त्या दुपारी घर अगदी गप्प होतं. दिशा आत पालथी झोपली होती आणि मी कानाला हेडफोन लावून मालनआजीचा आवाज ऐकत बसले होते. तीही बोलायला लागण्याआधी अशीच लांब हवा ओढायची. श्वास कुठून आला ते मला क्षणभर कळेना. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि तो पुन्हा आला. माझ्या पाठीमागून, मोरीतून.

मग पाणी पडायला लागलं. मी उठून बादली सरकवली आणि उगाचच बराच वेळ तिथे उभी राहिले.

मालनआजीला जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते, आणि मी तिच्या जुन्या आवाजात 'हास्पिटल' हा शब्द शोधत होते. सापडत नव्हता. दीड वर्षाचे आवाज होते माझ्याकडे, त्यात 'डाक्टर' होता, 'गोळये' होत्या, 'सलायन' पण एकदा सापडलं. हास्पिटल नव्हतं. म्हातारी आयुष्यात कधी तिथे गेलीच नव्हती, तिच्या तोंडी कुठून येणार.

नीट सांगते.

मी 'परतीर' या संस्थेसाठी काम करते. मस्कतमधली पन्नास-साठ मराठी घरं मिळून ती चालवतात. बहुतेक कोकणातली माणसं. आजोबा गिरणीत, वडील मिळेल त्या कामाला, आणि ही पिढी समुद्र ओलांडून गेलेली. शुक्रवारी सुट्टीला कुणाच्या तरी घरी जमतात. इकडे भांडुप, घाटकोपर, मुलुंडच्या डोंगरांवरच्या चाळींत जी म्हातारी माणसं एकटी पडलीत, त्यांच्याशी तिकडचं एकेक घर जोडून देतात. जोडघर म्हणतात त्याला. जोडघराने म्हाताऱ्या माणसाचं धान्य, औषधं, खोलीचं भाडं बघायचं. म्हाताऱ्या माणसाने महिन्यातून एकदा आपल्या आवाजात ख्यालीखुशाली कळवायची. तो आवाज घरी जाऊन टिपायचा, कापूनछाटून पाठवायचा, हे माझं काम. मुलुंडच्या ऑफिसातले हर्षदसर पहिल्या दिवशी म्हणाले, "दोन मिनिटांच्या वर नको, तिकडे लोक गाडी चालवताना ऐकतात. रडणं नको. सुनेच्या तक्रारी तर अजिबात नकोत." मग जरा विचार करून म्हणाले, "खोकला ठेवा थोडा. खरं वाटतं."

दिशा झाल्यावर माझी नोकरी सुटली होती. हे काम दिशाच्या झोपेत बसतं, शाळेच्या तीन तासांत बसतं. म्हणून धरलं.

मालनआजीची खोली भांडुपच्या डोंगरावर, पायऱ्या संपतात तिथे. तिच्याजवळ तिची नात, तेजल. आईवडील दोघंही नाहीत, आजीनेच वाढवलेली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्यांदा गेले तेव्हा मी फोन पुढे धरून म्हटलं, "आजी, तुमची खुशाली सांगा. मस्कतचे परब आहेत, सुबोध आणि श्वेता. त्यांना ऐकायची आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माजी खुशाली त्येंका कित्याक होयी? देणारे ते. खुशाली त्येंची इचारूक होयी."

मग डोक्यावरून पदर घेतला, कोपऱ्यातल्या देवाच्या फळीसमोर उभी राहिली आणि गाऱ्हाणं घालायला लागली.

कोकणात गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून, मोठ्याने, माणसाशी बोलावं तसं घातलेलं मागणं. गावच्या मानकऱ्याने म्हणजे गावकराने एकेक वाक्य बोलायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. मी कोकणातल्या घरात लग्न होऊन आलेय, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, "आजी, हे पुरुष घालतात ना?"

"मगे हयसर गावकार खयसून हाडू? पालिकेकडे अर्ज करू?" ती म्हणाली. "देवाक आवाज पोचल्याशी काम. तू होकार दी. ह्या पोराक पण सांग. होकार नसलो तर गाऱ्हाणा अर्ध्या वाटेर पडता."

दिशा तेव्हा साडेतीन वर्षांची. कडेवर घेऊनच जायचे मी तिला. तिने पहिला होकार इतक्या जोरात दिला की पत्र्याच्या भिंतीपलीकडून शेजारच्या शांताबाई हसल्या. त्या आवाजातून मी दिशाला कापून काढायला हवं होतं. नाही काढलं.

मस्कतहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, श्वेताचं. आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "माणिकताई, माझ्या आजोबांनंतर हे मी ऐकलंच नव्हतं. दर महिन्याला हेच पाठवाल का? खुशाली नको."

त्यानंतर ती मोकळेपणी बोलायला लागली. दोन बाळं पोटातच गेली होती तिची. मी ते निरोप मालनआजीला ऐकवायचे. ती कानाशी फोन धरून डोळे मिटून ऐकायची, आणि मध्येच "गो बाय माज्या" म्हणून फोनच्या पाठीवरून हात फिरवायची. पहिल्याच वर्षीच्या गणपतीत तिने परबांच्या वतीने देवाला नारळ बोलला. पुढच्या आषाढात श्वेताचा निरोप आला, दिवस राहिलेत. आजीने दिशाच्या हातावर खडीसाखर ठेवली. म्हणाली, "आता माका मरूक गावचा नाय. पोर हातात येयसर हिच्या पाठसून ऱ्हवाक होया." मूल हातात येईपर्यंत तिला मरायलाही सवड नव्हती.

ती गेली मार्गशीर्षात. पहाटे तेजल चहा द्यायला गेली तर हाताला थंड लागली.

तेजलने पहिला फोन मला केला. मी पोचले तेव्हा तिचे काका दशरथ ठाण्यापुढच्या दिव्याहून आले होते. माणूस वाईट नाही. दाराशी उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "परतीरवाले भाडं देत होते तोवर ठीक. आता खोली सोडू. पोरीला गावाला घेऊन जातो. तिथे माणसं आहेत आपली." आणि मदत थांबणार हे खरंच होतं. योजना म्हाताऱ्यांची. माणूस गेलं की त्या महिन्याअखेर जोडघर सुटतं आणि रांगेतल्या पुढच्याला मिळतं. रांग मोठी आहे.

तेजल मला पाण्याच्या पिंपामागे घेऊन गेली. रडली नव्हती ती अजून. "ताई, मार्चमध्ये माझी शेवटची परीक्षा. भाडं थांबलं की काका नेणार, आणि तिकडे एकदा गेले की मला परत कोण सोडतंय. लग्नच लावतील. तीन वर्षं वाया." मग माझं मनगट धरलं. "मार्चपर्यंत आजीला राहू दे ना."

असंच म्हणाली. राहू दे.

मी हो म्हटलं. माझ्या नवऱ्याला, देवेशला सांगितलं तेव्हा तो शर्टाची बटणं लावता लावता थांबला. "हर्षदला सांग. माणूस बरा आहे तो, काहीतरी करेल." मी म्हटलं, त्याच्या हातात नाही, नियम मस्कतचा आहे. "मग मस्कतला सांग." मी म्हटलं, श्वेताला सातवा लागतोय, झोपून राहायला सांगितलंय तिला, आत्ता कसं सांगू. देवेश म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडे उत्तर सगळ्याला आहे," आणि कामावर गेला.

डिसेंबरचा निरोप मी जुन्या आवाजांच्या कातरणांतून जोडला. मे महिन्याची सुरुवात, पावसाळ्यातलं मधलं, दिवाळीचा शेवट. वाक्याला वाक्य सरळ लावलं तर यंत्र बोलल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, मी तिचे श्वास कापून टाकलेत. ते शोधले आणि एकेका वाक्याआधी परत ठेवले. त्याबरोबर ती उठून बसली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तांदळाच्या डब्याशेजारी, ती उठून बसली आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा, मी मालन, तुझ्या पायाकडे उभी आसंय."

"व्हय म्हाराजा," माझ्या मागून दिशा म्हणाली.

मी वळले. ती दूध प्यायच्या पेल्यासकट उभी होती. आजी देवाघरी गेली हे मी तिला सांगितलेलं होतं. तरी ती पुढच्या वाक्याची वाट बघत लॅपटॉपकडे बघत राहिली. त्या दिवसापासून मी हेडफोन लावायला लागले.

श्वेताचं उत्तर आजीच्या नावाने आलं. "आजी, आज बाळाने इतक्या जोरात लाथ मारली की सुबोधच्या हाताला लागली. तुमचं गाऱ्हाणं मी रोज दिवा लावताना लावते. लावलं की ते शांत होतं."

हा निरोप आता कुणाला ऐकवायचा? नुसता ठेवून द्यायचा म्हटलं तर मला जेवण जाईना. जिच्यासाठी आला तिच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी दिशाला शाळेत सोडून मी डोंगर चढले. तेजल ड्यूटीवर होती. किल्ली पाण्याच्या पिंपाखाली असते; शांताबाई बाजारात गेलेल्या, त्यांच्या दाराला कुलूप होतं. आत खाट तशीच होती, चादर बदललेली. मी खाटेवर फोन ठेवला आणि श्वेताचा निरोप लावला. संपला. नंतर जी शांतता पसरली ती मला सोसेना. इतक्या वेळा त्या जागी "गो बाय माज्या" ऐकलेलं. मी शोधून, का ते मलाच ठाऊक नाही, आजीचा जुना आवाज लावला. उत्तर म्हणून. ती बोलली, कुणीतरी होकार दिला, तो माझाच होता, मागच्या वर्षीचा. मी दार लावून उतरले.

चार दिवसांनी शांताबाई मला खाली भाजीवाल्यापाशी भेटल्या. साताऱ्याकडच्या, घरात बुद्धाची मूर्ती, बोलायला सडेतोड.

"बाई, एक विचारू? मंगळवारी मी बाजारातनं आले तर मालन बोलत होती."

मी गवार निवडायला लागले.

"आमच्यात भूतबित मानत नाहीत. म्हणूनच सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी घाबरली. मी बहिरी नाही आणि मला वेड लागलेलं नाही. सोळा वर्षं त्या पत्र्याला पाठ लावून झोपलेय मी. तिचा खोकलासुद्धा मला ओळखता येतो." त्यांनी माझ्या हातातली जून शेंग काढून टाकली. "तेजलला नाही बोलले. पोरीला एकटीला झोपायचंय तिथे. पण तुम्ही बघा तिचं काय राहिलंय ते. आणि मला सांगा, कारण तेव्हापासून मी पण जागी असते."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "रेडिओ असेल कुणाचा तरी." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी गवार न घेताच निघाले.

आणि आता जानेवारी. श्वेताचा नवा निरोप तीन दिवसांपूर्वी आलेला. "ताई, डॉक्टर म्हणतात थांबायचं नाही. वीस तारखेला ॲडमिट करणार. आजीला सांगाल का, या वेळी हॉस्पिटलचं नाव घेऊन घाला. माझं नाव घ्या, बाळाचं पण घ्या, बाळ म्हणूनच. जुनं नको, जुनं तेव्हाचं आहे. मला आत जाताना हे ऐकायचंय." थोडं थांबून म्हणाली, "आजी बऱ्या आहेत ना? दिवाळीपासून त्या माझ्याशी बोलतच नाहीत, नुसतं देवाशी बोलतात."

त्यामुळे मी तो शब्द शोधत होते. तीन दुपारी शोधला. त्या दुपारी नळ बंद केला, लॅपटॉप मिटला आणि तेजलला फोन केला.

ती ड्यूटी संपवून तशीच आली, नर्सच्या कपड्यांत, केसांना अजून जाळी. दिशा उठून तिच्या मांडीवर चढून बसली. मी चहा टाकला आणि श्वेताचा निरोप ऐकवला. दोनदा.

"काय जोडता येत नाही?" तेजलने विचारलं.

"शब्दच नाही. आणि तेजल, मला नाही जोडायचं आता."

ती चहात बिस्किट बुडवून बसली. ते तुटून आत पडलं तरी बघत बसली. "मी घालते," म्हणाली.

"काय घालतेस?"

"गाऱ्हाणं. तिच्या आवाजात. मला येतो काढायला. लहानपणी चाळीत काढायचे मी, लपाछपीत. पोरं आजी आली म्हणून पळायची." ती हसली, पण हसू अर्ध्यात राहिलं. "दीड महिना राहिलाय ताई फक्त. एवढं एकच. त्या श्वेताताईंना पण धीर येईल ना? त्यांच्यासाठी पण बरंच आहे."

हे सगळं मी स्वतःला आधी सांगून झालेलं होतं. तिच्या तोंडून ऐकताना ते कसं वाटत होतं काय सांगू. पण मी नाही म्हणाले नाही. उठले, पंखा बंद केला, खिडकी लावली. कामाची सवय. फोन टेबलावर उभा करून ठेवला.

तेजल आमच्या देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. ओढणी डोक्यावरून घेतली. आणि तिने श्वास घेतला.

अंगावर काटा येणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं, माझ्या हातावर, केस न् केस उभा. तिचे खांदे उतरले होते, मान थोडी डावीकडे गेलेली. शिकवून येत नाही असं काही. वीस वर्षं ज्या माणसाच्या कुशीत झोपलो त्याचं अंग आपल्या अंगात असंच उतरत असेल.

"बा देवा म्हाराजा," मालनआजी म्हणाली.

"व्हय म्हाराजा," दिशा म्हणाली.

"आज ह्या मायेच्या घरात, दिव्याच्या उजेडात, तुझ्या पायाकडे उभी आसंय ती मी..."

थांबली.

गाऱ्हाण्यात नाव घ्यावंच लागतं. कोण उभं आहे, कुणाचं कोण, हे देवाला सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी थांबले. दिशा थांबली. फोनवरचे सेकंद पुढे चालले होते. तेजलचे ओठ 'मा' म्हणायला मिटले आणि मिटलेलेच राहिले. तिने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तसेच मिटले.

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला. तिने डोळे न उघडताच मान हलवली.

"ती मी तेजल," ती म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात. लहान मुलीसारखा वाटला तो त्या दुसऱ्यानंतर. "मालनची नात. बाप नाय, आवस नाय. माझी आजये तुझ्याकडे इली, त्येका आता चाळीस दीस होवन गेले रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दिशा म्हणाली. या वेळी मीही म्हणाले.

"ता आमी लपवून ठेयला. भियान ठेयला. माझी परीक्षा होती, माका माझ्या पायार उभा ऱ्हवचा होता. तिचो आवाज आमी तिच्या माघारी वापरलो. त्येचो काय दोष आसात तो माझ्या पदरात घाल, त्या बाळाच्या घालू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"श्वेता परब वीस तारखेक मस्कताच्या हास्पिटलात जातली हा. तू तिच्या उशाकडे उभो ऱ्हव. दोन जीव सुखरूप सुटे होवंदे. आजयेन तुका जो नारळ बोललो तो आता माझ्यार. तो मी फेडीन. आणि माझी आजये," तिचा आवाज इथे तुटला, पण ती थांबली नाही, "ती खय अडकली आसात, आमच्यामुळे अडकली आसात, तर तिका सोडय रे म्हाराजा."

दिशाने होकार दिला. मी दिला की नाही आठवत नाही.

तेजल खाली फरशीवर बसली आणि रडली. एकेचाळीस दिवसांचं. दिशाने तिच्या केसांवरची जाळी हलकेच काढली आणि स्वतःच्या डोक्याला घालून बघितली. बऱ्याच वेळाने तेजल नाक पुसून म्हणाली, "घ्या. वाट लागली. पुसून टाका ते, परत घालते."

"परत घालशील?"

ती दिशाच्या डोक्यावरची जाळी नीट करत बसली. मी फोन हातात घेतला. तीन मिनिटं चार सेकंद. दोनच्या वर नको, रडणं नको. काही कापलं नाही. "पाठवू?" मी विचारलं.

"काका रविवारी येतील न्यायला," ती म्हणाली. मग भिंतीला डोकं टेकून, "पाठवा."

पाठवलं. खाली चार ओळी माझ्या लिहिल्या: डिसेंबरचा आवाज मी जोडला, तेजलने नाही, हर्षदसरांना उद्या सकाळी मी स्वतः सांगेन, माफी मागते. माफी शब्द लिहून खोडला, परत लिहिला. दोन खुणा आल्या. मग त्या निळ्या झाल्या. मग काहीच नाही.

तिकडे दिवेलागणीला अजून वेळ होता. आम्ही तिघी टेबलाशी बसून फोनकडे बघत होतो. मी मनातल्या मनात श्वेताचं घर बघत होते, ती झोपलेली, कुशीखाली उशी, कानाशी फोन. तीन मिनिटं चार सेकंद ऐकायला किती वेळ लागतो? ती दुसऱ्यांदा ऐकत असेल. ती उठून बसली असेल. तिला काही झालं असेल. इथून पुढे जे सुचत होतं ते मी लिहिणार नाही. तेजलने दोनदा नाडी बघावी तसं माझं मनगट धरलं आणि सोडलं. शिकलेली सवय असेल, किंवा तिलाच काहीतरी धरायला हवं असेल.

पस्तीस मिनिटांनी निरोप आला. आवाज नव्हता, लिहिलेलं होतं.

"मला खूप राग आलाय. दीड महिना मी गेलेल्या माणसाकडून बाळासाठी मागून घेत होते आणि तुम्हाला ते माहीत होतं. ताई, तुमच्याशी मी आत्ता बोलणार नाही. बाळ झालं की बघू."

त्याखाली टाइप होत असल्याची खूण आली, गेली, आली.

"तेजलची परीक्षा किती तारखेला आहे? सुबोध तिच्या काकांना फोन करतोय. त्यांचा नंबर पाठवा. खोली सोडू नका म्हणावं."

आणि शेवटी, एकटंच: "शेवटचं गाऱ्हाणं मी घेऊन जाणार आहे आत."

तेजलने ते माझ्या हातातून घेऊन तीन वेळा वाचलं. मग काकांचा नंबर टाइप केला, एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा टाइप केला. जाताना दारात चपला घालत म्हणाली, "शांताबाईंना मी सांगते. तुम्ही नका येऊ." मी जिन्यातला दिवा लावला. ती खालच्या वळणापर्यंत दिसली, मग नुसती पावलं.

दिशाला भूक लागली होती. मी वरणभात कालवला, तूप घातलं, तिला ओट्यावर बसवलं. घास घेता घेता ती गप्प होती, आणि ती गप्प असली की मी सावध होते. चौथ्या घासाला तिने माझा हात धरला.

"आई, आजी कॉम्प्युटरमधून बोलत होती ना, तेव्हा एकदा ती म्हणाली, दूद पिलंस गो? मी म्हटलं, हो."

"बरं."

"पण मी नव्हतं प्यायले. मी मोरीत ओतलं होतं. तू बघत नव्हतीस." तिच्या हनुवटीला भाताचं शीत लागलं होतं, डोळे माझ्यावर. "ती मेलेली होती ना तेव्हा? मग तिला दिसलं का?"